माझ्या पात्यावर वॉर्निश

मी एक जुना रंधा आहे, लाकूड तासून गुळगुळीत करणारा. आज काचेच्या कपाटात बसलो आहे आणि मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो आहे.

एका सुताराने कठीण लाकडाचा ठोकळा कोरून मला घडवले. पुढे तो मला घेऊन शाळेत हस्तकला शिकवायला आला. मुले त्याला सुतारमामा म्हणत. नवे मूल हमखास मला लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रेटायचे आणि फळीवर कुसळे उभी राहायची. "अरे, लाकडाशी भांडता काय? त्याच्या रेषा कुठं चालल्यात ते आधी बघा!" असे मामा ओरडायचे. मग कधीतरी लांबलचक सालपट सुटायचे आणि ते मूल खुदकन हसायचे. वर्गातले मोडके बाक मुलेच दुरुस्त करत.

मामा निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. कार्यशाळेत परीक्षांचा सराव सुरू झाला. हस्तकलेचा तास नावापुरता उरला. मुले बाजारातून तयार वस्तू आणतात, वर आपले नाव चिकटवतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात! याला शिक्षण म्हणायचे?

माझा मात्र मुख्याध्यापकबाईंनी सन्मान केला. अंगभर वॉर्निश फासले, अगदी पात्यालाही! जिच्या जिवावर मी जगलो ती धारच बुजवून टाकली. खाली 'श्रमाचा वारसा' अशी पाटी लावली आणि कपाटाला कुलूप घातले.

गेल्या महिन्यात सहावीतली एक मुलगी मुख्याध्यापकबाईंकडे आली. तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"बाई, रंधा द्याल का? आमचा उंबरठा फार उंच आहे, आजोबा तो चढताना पडले. त्यांच्यासाठी पायरी करतेय, पण फळी फार खरखरीत आहे. पायात कुसळं जातील त्यांच्या."

"अगं, ती शोभेची वस्तू आहे. पायरी विकत आणा ना! आणि तुझी गणिताची चाचणी आहे, विसरलीस?"

"मापं मीच काढलीत, बाई. उंबरठ्याच्या बरोबर निम्मी उंची धरली. तेही गणितच की."

"उलट बोलू नकोस. जा वर्गात."

भिंगरी काचेला बोटे टेकवून माझ्याकडे बघत राहिली. अहो, त्या फळीला माझे चार हात पुरले असते! तेव्हापासून ती रोज मधल्या सुट्टीत येते. आजोबा अजून चौकट धरूनच चढतात, असे शिपाईकाकांना सांगते. ती गेली की काका तिच्या बोटांचे ठसे पुसून टाकतात. पाहुण्यांना कपाट लख्ख दिसायला हवे ना!

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. वॉर्निश खरवडता येईल, धारही पुन्हा लावता येईल. पण काहीतरी करायला निघालेले हात असे परत पाठवले जात राहिले, तर एक दिवस ते यायचेच बंद होतील. उद्या मधल्या सुट्टीत तुम्ही सगळे भिंगरीबरोबर या आणि कपाटाची किल्ली मागा. बाई नाही म्हणाल्या, तर परवा पुन्हा मागा.