सहदेवचं रीळ

"काकी, पाणी हवा काय?" भिकाजीने विचारलं.

नंदाबाईंनी नको म्हणून मान हलवली. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या त्या खोलीचे पडदे ओढले जात होते.

त्यांचा थोरला भाऊ सहदेव मुंबईत एका स्टुडिओत कॅमेरे उचलायचा. धर्मांतरानंतरच्या उन्हाळ्यात गावातली बौद्ध मंडळी पहिल्यांदा सार्वजनिक विहिरीवर गेली, तेव्हा तो उसना आणलेला छोटा कॅमेरा घेऊन आला होता. सहदेव गेला, रीळ गंजक्या डब्यात पडून राहिलं. आता मुंबईच्या एका संग्रहालयाने ते साफ करून वाचवलं होतं. तिथली अक्षया ते दाखवायला आली होती. त्यातली माणसं ओळखणारं नंदाबाईंखेरीज कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी पहिला दगड धाकूने मारला होता. भिकाजीच्या वडिलांनी. भिकाजीला हे ठाऊक नव्हतं, आणि नंदाबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. मुलगा दुबईला, नवरा गेलेला. दवाखान्यात नेणारा, हाकेला धावणारा शेजारी एवढा एकच. आजही त्यानेच आपल्या रिक्षातून आणलं होतं.

"तू भायेर बस," त्या मघाशी म्हणाल्या होत्या.

"छ्या! मना पन बघायचाय जुना गाव."

चित्र सुरू झालं. बुरशीच्या डागांतून विहीर दिसली. बाया, घागरी, ओंजळीने पाणी पिणारी एक पोर. ती पोर म्हणजे त्या स्वतःच. पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. रीळ इथेच तुटलेलं असू दे, त्या मनात घोकत होत्या.

तुटलेलं नव्हतं. माणसं पांगली. हातात दगड घेतलेला एक तरुण थेट कॅमेऱ्यावर धावून आला. अक्षयाने चित्र थांबवलं.

"आजी, हे कोण?"

"नाय आठवत, बाय." नंदाबाई म्हणाल्या. "लय वर्सां झाली."

शेजारची खुर्ची सरकली. भिकाजी उठला. हा आता निघून जाणार, नंदाबाईंना वाटलं. तो पडद्याजवळ गेला आणि त्या चेहऱ्यासमोर उभा राहिला.

"लिवा," तो पाठमोराच म्हणाला. "धाकू. माजा बापूस."

अक्षयाने हळूच विचारलं, "पुढे लावू?"

"लावा."

तो जागचा हलला नाही. पळणाऱ्या बाया आणि फुटलेल्या घागरी त्याच्या खाकी शर्टाच्या पाठीवरून सरकत राहिल्या.