झुझानाची उशी

रोझिनाने चर्चची वीतभर लांबीची किल्ली एर्नाच्या हातात ठेवली आणि हात टेकत बायकांच्या बाकावर बसली. सकाळपासून तीनदा ती टेकडी चढून पर्यटकांना दार उघडायला आली होती; ही चौथी खेप निरोपाची. गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. खाली चर्चभोवतीच्या तटाच्या दरवाज्याशी, जर्मनीहून न्यायला आलेल्या धाकट्या बहिणीच्या, एर्नाच्या गाडीत, तिची बॅग भरून ठेवलेली होती. किल्ली जाता जाता नगरपालिकेत द्यायची होती. शेकडो वर्षांपूर्वी इथे येऊन वसलेले जर्मन वंशाचे सॅक्सन लोक एकेक करून जर्मनीला परतले होते; आता गावातली शेवटची सॅक्सन बाई निघाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला सगळ्याचा वीट आला होता.

"अख्खं चर्च मोकळं आहे ताई. चौथ्या जागेवर कशाला अवघडून बसतेस?"

"जर्मनीत राहून विसरलीस वाटतं. माझी जागा आहे ही."

एर्ना विसरली नव्हती. बायकांनी वयाच्या क्रमाने आपापल्या उशीवर बसायचं, एखादी वारली की मागच्या सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं.

"सगळ्यात पुढे झुझाना, मग त्रेनी, मग आग्नेटा," रोझिना म्हणाली. "गाव सोडून गेल्या म्हणून जिवंत माणसाच्या उशीवर बसू होय?"

एर्ना वर कमानींकडे बघत राहिली.

"तिघीही देवाघरी गेल्या गं. आग्नेटाला तर चार वर्षं झाली."

"मला कोणी कळवलं नाही."

"तू इथे एकटी. म्हटलं, कशाला..."

"दर शनिवारी त्यांच्या उशा झटकते मी, एर्ना."

रोझिनाला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. ती उठून एक जागा सरकली. थोडं बसली. मग दुसरी. मग पहिली. तिथून वेदी अगदी समोर होती.

"चल," एर्ना हलकेच म्हणाली. "ऊन उतरायच्या आत घाट ओलांडू."

रोझिनाने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"दमलीस ना तू? तूच म्हणालीस फोनवर."

"दमलेय तर. पण पहिल्या जागेवरून कोणी उठून जात नसतं. तिथून उचलूनच नेतात."

एर्ना उभीच होती. आल्या आल्या तिने आपली पर्स लहानपणच्या सवयीने मागे, मुलींच्या बाकावर ठेवली होती. ती जाऊन पर्स घेऊन आली, किल्ली बहिणीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी टेकली.

"नीट बस," रोझिना म्हणाली. "त्रेनीची उशी आहे ती."