घरच्याच माणसाचं लॉगिन

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि गिऱ्हाइकं म्हणत सर्व्हरवाल्या बाई. दोन्ही नावं तिला एकाच खुर्चीत ऐकू येत. कारण घर आणि कंपनी यांच्यामध्ये एक दार होतं, आणि ते दार कधी लागतच नसे. पुढच्या दोन खोल्या कंपनीच्या, मागचं सगळं घर. कुकरची शिट्टी आणि गिऱ्हाइकाचा फोन एकदमच वाजायचे.

कंपनी थोरल्या दिरांची. माणसं जोडणं त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिचा नवरा बिलं आणि फोन सांभाळायचा. उरलेलं सगळं हिच्याकडे. लांबच्या एका डेटा सेंटरमध्ये त्यांनी भाड्याने घेतलेली मोठी यंत्रं होती. एकेका यंत्राचे भाग पाडून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा स्वतंत्र सर्व्हर द्यायचा, जसे एका इमारतीतले ब्लॉक. ब्लॉक गिऱ्हाइकाचा, पण गळका नळ, सैल कडी, उंदराचं बीळ, सगळं बघायचं धाकटीने. अपडेट तिने करायचे, बॅकअप तिने घ्यायचे, उघड्या राहिलेल्या वाटा तिने बुजवायच्या. काम चोख असलं की कोणाला दिसत नसे. "तू बसून करतेस तरी काय दिवसभर?" असं जाऊबाई एकदा प्रेमाने म्हणाल्या होत्या.

तिला हे काम आवडायचं, हीच तर गोची होती. नावडतं असतं तर केव्हाच सुटली असती.

माहेरी जायचं म्हटलं की काहीतरी निघायचंच. भावाच्या साखरपुड्याला ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्या फोटोंत तिची मान खाली आली होती. मागच्या खेपेला मात्र तिने ठणकावलं होतं, दोन दिवस मला फोन करायचा नाही. कोणी केलाही नाही. तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं होतं, पण खोलात जावंसं वाटलं नव्हतं.

आता वडील पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन दुपारी होतं आणि ती सकाळीच निघणार होती. नवऱ्याने बॅग गाडीत ठेवली. ती चपला घालत होती तेवढ्यात फोटोग्राफरचा फोन आला.

हा लग्नाचे फोटो काढणारा माणूस, जुनं गिऱ्हाईक. लोकांच्या लग्नांचे सगळे अल्बम त्याने त्याच्या सर्व्हरवर ठेवलेले.

"बाई, माझी साइट उघडली की काळं पान येतंय. त्यावर लिहिलंय, फायली परत हव्या असतील तर आमच्याशी बोला. ही काय मस्करी आहे का?"

तिने एक चप्पल काढली. मग दुसरीही काढली.

आधी तिने त्याचा सर्व्हर जगापासून तोडला, म्हणजे आत शिरलेल्याला पुढे हातपाय पसरता येऊ नयेत. मग कोण कुठून आलं याच्या नोंदी बघायला लागली. दरवडेखोराने भिंत फोडली नव्हती की खिडकी उचकटली नव्हती. तो सरळ पुढच्या दाराने, नावपत्ता सांगून आत आला होता. नाव थोरल्या दिरांचं होतं.

तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. तिने पुन्हा वाचलं. साध्या पासवर्डने आत येणं तिने सगळीकडे बंद केलेलं होतं. आत यायला तिच्या लॅपटॉपमधली डिजिटल किल्लीच लागे. ते कोणीतरी पुन्हा सुरू केलं होतं. तारीख तिच्या मागच्या माहेरपणाची होती. फोन का आला नव्हता, ते आता कळलं.

"भाऊजी," ती वळून म्हणाली. थोरले दीर तिच्या पाठीशीच उभे होते. "तुम्ही पासवर्डने लॉगिन चालू केलं होतं?"

"अगं, तू नव्हतीस. एकाची साइट अडली होती. तू घरी ठेवून गेलेल्या लॅपटॉपवरून चालू करून घेतलं, मोबाइलवरून काम करता यावं म्हणून. तूच म्हणालीस ना, फोन करू नका?"

"पासवर्ड काय ठेवलात?"

जरा ओशाळून त्यांनी थोरल्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष सांगितलं. ते कुटुंबाच्या प्रत्येक फोटोखाली त्यांनीच जगजाहीर केलेलं होतं.

"आणि हाच सगळ्या सर्व्हरवर?"

"लक्षात राहायला नको का माणसाच्या?"

म्हणजे आग एका खोलीत नव्हती, अख्ख्या इमारतीला लागू शकत होती. तिने तिथल्या तिथे प्रत्येक सर्व्हरवरचं त्यांचं खातं बंद करायला घेतलं आणि पासवर्डची वाट पुन्हा बुजवली. एकेका यंत्रात शिरायचं, कोणी येऊन गेलंय का बघायचं, बाहेर यायचं. नशीब एवढंच की चोर अजून फोटोग्राफरकडेच रमला होता.

नवरा दारात उभा होता. "निघायचं ना?"

"तुम्हीच सांगा, कसं निघू?"

त्याने भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि गाडीतली बॅग आणायला गेला. दोन डगरींवर हात असलेला माणूस, तो आणखी काय करणार!

ती फोटोग्राफरसाठी कोरा सर्व्हर उभा करत होती, कारण ज्या घरात चोर राहून गेला ते नुसतं झाडून भागत नाही. तिचे बॅकअप वेगळ्या ठिकाणी होते. दिरांच्या खात्याचा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून ते वाचले होते. फोटो परत येऊ लागले. पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, बाबांना आत नेतायत. कुठवर आलीस?"

तिने पडद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. मागून वडिलांचा आवाज आला, "चिमणी आली का रे?"

"येतेय म्हणतेय," भाऊ खोटं बोलला. मग चाकांची खडखड, आणि फोन बंद.

तिने डोळे पुसले नाहीत. पुसायला हात कीबोर्डवरून काढावे लागले असते.

थोरले दीर समोरची खुर्ची ओढून बसले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघ धाकटे. त्याला सांग, त्याचाच पासवर्ड कच्चा होता. त्यात त्याचं काही बिघडत नाही. आपलं नाव मात्र जाईल. बारा गिऱ्हाइकं त्याच्या ओळखीने आलीत."

ती उत्तर देणार तोच फोटोग्राफरचा फोन आला. तिने स्पीकरवर घेतला.

"फोटो आले," ती म्हणाली. "कालचे तेवढे गेले."

"कालचे माझ्या कॅमेऱ्यात आहेत अजून!" तो जवळजवळ रडतच बोलला. "सकाळपासून घास उतरला नाही. बाई, माझंच काही चुकलं का हो? मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच कुठेतरी भलतं बटण दाबलं असणार."

दीर तिच्याकडे एकटक बघत होते. नवरा जमिनीकडे. मधल्या दारात जाऊबाई हातातलं भांडं तसंच धरून उभ्या होत्या. पळायला जागा नव्हती. ज्यांच्याबरोबर रात्री जेवायचं, उद्या बसायचं, परवा हसायचं, ते सगळे इथेच.

"तुमचं काहीच चुकलं नाही," ती म्हणाली. "चूक आमच्याकडची. आमच्याच एका खात्याचा पासवर्ड सोपा होता. मुलाला तसं सांगा."

फोन ठेवल्यावर दीर उठले. त्यांनी मोबाइलवरून लॉगिन करून पाहिलं. झालं नाही. पुन्हा केलं.

"माझी कंपनी, माझं घर, आणि मलाच कुलूप?"

"हो, भाऊजी."

त्यांना या उत्तराची सवय नव्हती. ते आतल्या खोलीत गेले, आणि त्या घरात पहिल्यांदाच मधलं दार धाडकन लागलं.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. सगळ्या वाटेत नवरा एकच वाक्य बोलला होता, "दादाला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं होतंस." आणि ती एकच, "मला एकटीला कोण बाजूला घेतं?"

ऑपरेशन नीट झालं होतं. वडील गुंगीत होते. आयुष्यभर त्यांनी शिवणयंत्र चालवलं होतं. डोळे किलकिले करून म्हणाले, "आलीस? झालं का तुझं मशीन दुरुस्त?"

"झालं, बाबा."

"माझं बिघडलं की मी दुकान बंद करून झोपायचो," ते म्हणाले आणि खरंच झोपले.

तिने त्यांचा हात हातात घेतला तोच फोन थरथरला. थोरले दीर. ती बाहेरच्या बाकावर आली. त्यांच्या आवाजात दुपारचा ताठा नव्हता, पण माफीही नव्हती. एका दुकानाची साइट रखडत चालतेय, तेवढं बघशील का, म्हणाले.

"मी दवाखान्यात आहे, भाऊजी. माझ्याशिवाय हे करणारं दुसरं माणूस हवंच. ते येईपर्यंत यांना शिकवते."

"तो? त्याला काय जमणार?"

"शिकल्यावर कळेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवऱ्याने ऐकलं होतं. तो तिच्या शेजारी बसला. लॅपटॉप त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि तिचा हात तो परत ओढायला पुढे झाला. दिरांनी वाटेल त्याला दार उघडलं होतं, आणि आपण? आपण तर कधी कोणाला उंबऱ्यावरही येऊ दिलं नव्हतं. तिने त्याच्या नावाची किल्ली तयार केली, त्या एकाच सर्व्हरपुरती. त्या किल्लीवरचा लांबलचक पासवर्ड त्याला स्वतःलाच निवडायला लावला, आणि तेवढा वेळ तोंड फिरवून बसली.

मग ती सांगत गेली, तो लिहीत गेला. पहिलीच आज्ञा त्याने चुकीची लिहिली. पडद्याने नाही म्हटलं. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं. दुकानाची साइट रखडत होती, कोणीतरी वाट बघत होतं, आणि तिने ते चुटकीसरशी केलं असतं.

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"पुन्हा लिहा," ती म्हणाली. "सावकाश."