पहिल्या पायाची तार

ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या गल्ल्यांत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणारे डझनभर तरी असतील, पण काम करताना स्वतःशीच ओरडणारी एकटी हिसायो कानामोरी. सव्वीस वर्षं तिने टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं होतं. तिथला नियमच होता: हातातलं एकेक काम झालं की त्यावर बोट रोखायचं आणि खड्या आवाजात म्हणायचं, "चिप काढली, ठीक! पाय जोडला, ठीक!" डोळा चुकला तर बोट अडतं, बोट चुकलं तर कान टवकारतो. कारखाना कधीच बंद पडला, सवय तेवढी राहिली. खालच्या दुकानातली पोरं तिची नक्कल करायची. तिने कधी मनावर घेतलं नाही.

सोमवारी मात्र घेतलं.

सोमवार म्हणजे सलूनवाल्यांच्या सुट्टीचा दिवस, म्हणून पलीकडच्या गल्लीतला मोरिहिरो न्हावी सकाळीच जिना चढून आला. हातात रुमालात बांधलेली गेमची कॅसेट. ती त्याने टेबलावर अशी ठेवली, जसं काही आत अंडं आहे.

"आईला ठाऊक नाहीये," तो म्हणाला. "सोमवारी ती म्हाताऱ्यांच्या केंद्रात जाते, चारला येते. त्याआधी जागच्या जागी ठेवायचीय."

"चोरून आणलीत?"

"आपल्याच घरातून आणली, त्याला चोरी कसली! अहो ताई, गेल्या आठवड्यात दोनदा गाव उघडलंच नाही. तिसऱ्या खेपेला उघडलं. तोवर आई माझ्याकडे अशी बघत होती, जसं मीच गिळलं."

गाव होतं गेममधलं. एक बेट, बेटावर दहा-बारा घरं, मुळ्याचे वाफे, विहीर. माणसांची नावं खेळणाऱ्याने ठेवायची. मोरिहिरोचे वडील एकोणतीस वर्षांपूर्वी वारले, त्या वर्षी किनुएआजींनी, म्हणजे त्याच्या आईने, हा खेळ आणला आणि सगळ्या गावाला गल्लीतल्या माणसांची नावं दिली. टोफूवाला, चटया विणणारा, शेजारची शिंपीण. त्यातलं आता जवळपास कुणी उरलेलं नाही. विहिरीपाशी उभा असायचा तोकुजी, म्हणजे आजींचा नवरा. आजी रोज सकाळी वाफ्यांना पाणी घालायच्या, सगळ्यांना भेटायच्या, मग न्याहारी. शहाऐंशी वर्षांची बाई, एक दिवस चुकवला नाही.

हिसायोने कॅसेट उघडली. आतल्या बॅटरीच्या कडेला हिरवट बुरशी धरली होती.

"ही जुनी चिप फार विसराळू," तिने सांगितलं. "बॅटरी आहे तोवर सगळं आठवणार. बॅटरी गेली की डोकं साफ. नवी बॅटरी घालते, पंधरा वर्षं बघायला नको."

"पंधरा वर्षांनी आई एकशे एकची असेल आणि पुन्हा माझ्याच डोक्यावर बसेल. कायमचं काहीतरी करा ना!"

मग हिसायोने नवी चिप काढली. हिला बॅटरी लागतच नाही, वीज गेली तरी लक्षात ठेवते. जागाही जुनीच्या चौपट, दोन मजल्यांसारखी विभागलेली. अडचण एकच. चिपला धातूचे बारीक पाय असतात; जुन्या चिपचा पहिला पाय नुसता शोभेला असतो, त्याच्याखाली बोर्डावर काही जोडलेलं नसतं. नव्या चिपला मात्र तोच पाय सांगतो, वरच्या मजल्यावर बघायचं की खालच्या. त्याला एक बारीक तार लावून अर्थिंगला बांधून टाकायचं, म्हणजे चिप कायम खालच्याच मजल्यावर राहते. मोकळा सोडला तर पाय आज खाली, उद्या वर.

तिने आधी गावाची नक्कल कॉम्प्युटरवर घेतली. मग जुनी चिप उपटली, बोट रोखलं आणि सवयीने ओरडली, "जुनी चिप काढली, ठीक!"

मोरिहिरो दचकला आणि मग फिस्सकन हसला. "ताई, गाडी सुटतेय का? चढू का डब्यात?"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण हिसायोचे कान तापले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, समोर परका पुरुष बसलाय आणि आपण काय शाळकरी पोरीसारख्या किंचाळतोय, असं तिला वाटून गेलं. पुढचं सगळं ती मनातल्या मनात म्हणाली.

चिप बसवली, गाव आत भरलं, गेम लावून पाहिला. बेट आलं, वाफे आले. विहिरीपाशी जाऊन तिने बटण दाबलं, तर तोकुजी म्हणाला, "चहा झाला का?"

"एवढंच बोलतात आमचे बाबा," मोरिहिरो हळूच म्हणाला. "आई त्यांना रोज उत्तर देते. काय देते ते माहीत नाही, दार लावून घेते."

हिसायोने कॅसेट बंद केली आणि त्याच्या देखत कॉम्प्युटरवरची नक्कल पुसून टाकली. हा तिचा शिरस्ता होता. लोकांच्या घरातलं आपल्याकडे ठेवायचं नाही.

मंगळवारी सकाळी आठला फोन आला. मोरिहिरो कुजबुजत होता.

"ताई, गाव नाहीये."

"नाहीये म्हणजे? काय दिसतंय?"

"'नव्या गावाचं नाव काय?' असं विचारतंय."

नक्कल पुसलेली, जुनी चिप तर काढताक्षणी कोरी झालेली. एकोणतीस वर्षांचं गाव कुठेच नाही आणि ते आपल्या हातून गेलं, एवढंच हिसायोला कळलं. ती फोन कानाशी धरून खुर्चीत बसली, तशी टेबलावरची पत्र्याची ताटली तिच्या डोळ्यांसमोर आली. ताटलीत बोटभर निळी तार पडली होती. कापलेली, दोन्ही टोकं सोललेली.

तार इथे आहे म्हणजे तिथे नाही.

"बंद करा!" ती फोनमध्ये ओरडली. "कुठलंही बटण दाबू नका, आधी बंद करा! आजींनी नाव लिहिलं का काही?"

"लिहिते कसली! हाताची घडी घालून बसलीये. माझ्याशी बोलत नाही."

हिसायोने हत्यारांची पेटी सायकलला बांधली. पाय मोकळा राहिला म्हणून चिप वरच्या रिकाम्या मजल्यावर गेली असेल, गाव खाली शाबूत असेल. असेल! पण गेम चालू असताना पाय मध्येच खाली घसरला असेल आणि गेमने जुन्या गावावर नवं रचायला घेतलं असेल, तर? सिग्नलला थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण अजून घरातल्या सपाताच घालून आलोय.

सलूनमध्ये एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून, अर्ध्या गालावर फेस घेऊन बसलं होतं. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि काळ्या टीव्हीसमोर किनुएआजी बसल्या होत्या.

"तूच का ती?" आजी म्हणाल्या. "माझं गाव उचकटणारी?"

हिसायो कमरेत वाकली ती वाकलेलीच राहिली. "चूक माझी आहे, आजी. एक तार जोडायची राहिली. गाव आत असावं असं वाटतंय, पण छातीठोक सांगता येत नाही."

"राहिली कशी?"

खोटं सांगायला तिची जीभ वळेना. "काम करताना मी बोट रोखून मोठ्याने म्हणते. काल लाज वाटली. मनात म्हटलं."

"मनात?" आजींनी मान वर केली. "अगं पोरी, सहा वर्षं बसवर कंडक्टर होते मी. बस मागे घेताना बोट दाखवून ओरडायचे, 'डावीकडे मोकळं! मागे मोकळं!' मनात म्हटलं असतं तर निम्म्या ओसाकाचे पाय गेले असते!" मग त्या दाराकडे वळल्या. "आणि तू हसलास ना रे हिला?"

"थोडंसंच, आई."

"मला न विचारता माझं गाव इस्त्रीच्या कपड्यासारखं देऊन आलास, वर हसलास! जा, त्या माणसाची दाढी पुरी कर. फेस वाळला त्याच्या तोंडावर."

केस कापायच्या मशीनचा प्लग काढून हिसायोने तिथे सोल्डरिंग आयर्न लावलं. कॅसेट उघडली. पहिला पाय खरंच मोकळा होता. तिने निळी तार त्याला टेकवली, धूर निघाला, दुसरं टोक अर्थिंगला जोडलं. टाके स्वच्छ आले.

"आता म्हण," आजी म्हणाल्या.

हिसायोने बोट रोखलं. "पहिला पाय, तार जोडली... ठीक."

"बस मागे घ्यायचीये, पोरी. मुंगीला नाही सांगायचं."

"पहिला पाय, अर्थिंगला जोडला, ठीक!"

आजींनी चष्मा लावून, वाकून स्वतःचं बोट त्या पायावर रोखलं. "ठीक!" सलूनमधून मोरिहिरोचा आवाज आला, "ठीक!" आणि त्याच्यामागून, काही न कळताच, फेसातल्या गिऱ्हाइकाचाही.

बटण आजींनीच दाबलं. पडदा काळा. मग ते किरटं संगीत सुरू झालं. हिसायोने डोळे मिटून घेतले. तिला बघवेना.

"मुळ्याला पाणी नाही मिळालं," आजी म्हणाल्या. "माना टाकल्यात बघ."

हिसायोने डोळे उघडले. बेट होतं. वाफे होते, घरं होती, टोफूवाला आपल्या दारात उभा होता. तिचा जीव असा भांड्यात पडला की ती सपातांसकट तिथेच चटईवर बसली. रडू फुटलं ते तिने आवरलंही नाही. दाराशी मोरिहिरो फेसाचा ब्रश घेऊन उभा होता आणि नाक ओढत होता.

आजींचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. आज त्या दार लावून घ्यायलाही विसरल्या. पडद्यावरची छोटी बाई वाफे ओलांडून विहिरीपाशी गेली, तोकुजीसमोर थांबली.

"चहा झाला का?" त्याने विचारलं.

"झाला हो," आजी म्हणाल्या. "आज जरा उशीरच झाला. घाबरला नाहीत ना?"