एक नंबरची विषाची पेटी

बातमी आली त्या दिवशी सकाळीच माझी बदली झाली होती. जिन्याखालची अकरा वर्षांची जागा सोडून मी स्वयंपाकघरात आले होते, ओट्याखाली, पिठाच्या पिंपामागे. पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे उंदरांनी नवं भोक पाडलं होतं. त्या भोकाशेजारी मला ठेवून आमचे किल्लीवाले कामाला निघाले. जाताना म्हणाले, "आल्यावर कागदावर लिहितो गं." बाई शिलाईमशीनवर होत्या. मशीन थांबवून त्यांनी "काय लिहिताय?" असं विचारलं, तोवर ते दार ओढून गेलेही होते.

दुपारी दार वाजलं. दारात घड्याळवाला होता. किल्लीवाल्यांच्या दुकानासमोरच त्याचं दुकान. एरवी हा माणूस उंबऱ्यातूनच "वहिनी, चहा टाका" म्हणून हाक मारायचा. आज म्हणाला, "वहिनी, जरा बसा तुम्ही."

"बसलेलीच आहे की. काय झालं?"

"एका घरी कुलूप उघडायला गेले होते. जिन्यातच छातीत दुखायला लागलं. लगेच हॉस्पिटलात नेलं, पण..."

मशीनवर अर्धी बाही लागलेली होती. बाईंनी सुई वर केली आणि बाही सोडवून मांडीवर घेतली. मग त्यांनी विचारलं, "कुलूप उघडलं होतं का त्यांनी?"

"उघडलं वहिनी. उघडूनच खाली उतरत होते."

बाईंनी मान हलवली. घड्याळवाल्याने टेबलावर चष्मा ठेवला, घड्याळ ठेवलं आणि किल्ल्यांचा एक जुडगा ठेवला. त्या जुडग्यात माझी किल्ली होती.

मी कोण ते आता सांगायला हवं. मी पत्र्याची पेटी आहे. लांबीला हातभर, उंचीला वीतभर. दोन्ही टोकांना उंदीर जाईल एवढं एकेक भोक, वर झाकण, झाकणाला कुलूप. माझ्या पोटात एक सळई आहे आणि त्या सळईत उंदीर मारायच्या औषधाच्या चार वड्या ओवलेल्या असतात. लोक मला विषाची पेटी म्हणतात. म्हणोत बापडे. झाकणावर पांढऱ्या रंगाने 'एक' असा आकडा आहे आणि तो आकडा मी फार मानाने मिरवते. माझ्यामागून सहा पेट्या झाल्या. पहिली मी.

माझा जन्म मात्र आनंदात झाला नाही. तेव्हा या घरात दोन वर्षांची एक मुलगी होती. तिला साखरेचा डबा लांबून कळायचा, दिसेल ती वस्तू तोंडात जायची, म्हणून बाप तिला मुंगी म्हणायचा. घरात उंदीर झाले, तसं किल्लीवाल्यांनी चारचौघांसारखं केलं. औषध आणलं, कणकेच्या गोळ्यांत मळलं आणि गोळे कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवून दिले. उघड्यावर. पिंपामागे कोण जातंय, असं ते म्हणाले. मुंगी गेली.

ते तिला उचलून पळाले आणि बाई औषधाचं रिकामं पाकीट घेऊन मागून पळाल्या. डॉक्टरांनी आधी पाकीट वाचलं आणि मग मुलीकडे वळले. "पाकीट आणलंत हे फार बरं केलंत," म्हणाले. इंजेक्शनं झाली, रक्त तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं. पोर वाचली. घरी आल्यावर किल्लीवाल्यांनी गुडघ्यांवर बसून सगळं घर झाडलं. मग पत्रा कापायची कात्री काढली आणि मला करायला घेतलं.

तीन दिवस ते माझ्यावर खपत होते. भोकांतून आत हात गेला तरी औषधापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी माझ्या आत दोन आडव्या भिंती घातल्या. उंदीर वळण घेऊन जातो, हाताला ते जमत नाही. वडी ओढून कुणी बाहेर नेऊ नये म्हणून सळई. आणि झाकणाला त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं कुलूप.

बाई म्हणाल्या, "जगाची कुलपं उघडत फिरायचं, आणि उंदराच्या ताटाला कुलूप लावायचं!"

"ताटाला नाही," ते म्हणाले, "मुंगीला."

पहिले आठ दिवस एकही उंदीर माझ्याकडे फिरकला नाही. उंदीर मोठा संशयी प्राणी. नवी वस्तू दिसली की लांबून वळसा घालून जाणार. मला तेलाचा वास येत होता, रंगाचा येत होता. किल्लीवाल्यांनी घाई केली नाही. भिंतीला लागून मला तशीच ठेवली आणि आत नुसते दाणे टाकले, बिनविषाचे.

"जेवायला बोलावताय की काय त्यांना?" बाईंनी विचारलं.

"आधी ओळख होऊ दे."

"ओळख झाल्यावर मारायचं? शोभतं का तुम्हाला?"

त्यावर त्यांनी आणखी मूठभर दाणे आत टाकले. जीव घेण्याचा अभिमान मी कधी धरला नाही. तो उंदरांचा आणि माणसांचा जुना हिशेब आहे. धान्य पोखरतात, तारा कुरतडतात, रोग आणतात, म्हणून मला कामाला लावलं. माझा अभिमान वेगळ्या गोष्टीचा आहे. सव्वीस वर्षांत माझ्या पोटातला एक कणही भलत्या तोंडात गेला नाही. शेजारचं मांजर माझ्या झाकणावर उन्हं खात झोपायचं. एका कुत्र्याने मला अंगणभर फरपटत नेलं, झाकण चावलं, आणि शेवटी कंटाळून माझ्यावर पाय वर करून निघून गेला. अपमान झाला, पण कुलूप उघडलं नाही.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. उंदीर दिसला की आठवडाभर दुसरा विषय नसतो. दिसेनासा झाला की पेटीची आठवणही राहत नाही. शेजारीपाजारी माझ्या बहिणी मागून न्यायचे आणि त्यांना अडगळीत टाकून द्यायचे. किल्लीवाले स्वतः जाऊन परत आणायचे. "अहो, विष आहे ते, लोणच्याची बरणी नव्हे," म्हणून सुनवायचे.

त्यांची शिस्त ठरलेली होती. दर रविवारी रबरी हातमोजे चढवून ते सातही पेट्या उघडायचे. किती वडी खाल्ली ते बघायचे, ओली झाली असेल तर बदलायचे. मेलेला उंदीर सापडला की अंगणाच्या टोकाला खोल पुरायचे. कोणती पेटी कुठे आहे ते फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहायचे. आणि उंदीर थांबले की ते कुठून आले ते भोक शोधून जाळी आणि सिमेंटने बुजवायचे. ते नेहमी म्हणत, "औषध म्हणजे अर्धं काम. भोक बुजलं की पुरं झालं."

पाइपाशेजारच्या भोकासाठीही त्यांनी जाळीचा तुकडा कापून, पाइपाच्या गोलाईला बसेल असा वाकवून ठेवला होता. फडताळात, सिमेंटच्या पुडीवर.

ते गेल्यानंतर महिन्याभराने मुंगीचा फोन आला. मुंगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. वडील गेले तेव्हा ती बाळाला सासूकडे ठेवून धावत आली होती. आता आईजवळ राहायला येणार होती, बाळाला घेऊन.

"आई, ती रांगायला लागलीय. खाली ठेवली की सुटतेच. दिसेल ते तोंडात."

"तुझीच मुलगी ती."

फोन ठेवून बाई उठल्या, फडताळ उघडलं आणि कागद वाचायला लागल्या.

दोन नंबरची अंगणात, नळाजवळ. मिळाली. तीन आणि चार माळ्यावर. पाच कोळशाच्या जुन्या खोलीत. सहा, सात दुकानात. सगळ्या मिळाल्या. एक नंबरची जिन्याखाली, असं कागदावर होतं. बाई जिन्याखाली वाकल्या. तिथे धुळीत हातभर लांबीचा एक स्वच्छ चौकोन होता. पेटी नव्हती.

"आल्यावर लिहितो म्हणाले होते," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी कुठे कुठे शोधलं! पलंगाखाली, न्हाणीघरात, लाकडाच्या ढिगात. स्वयंपाकघरातही आल्या, ओट्याखाली बॅटरी मारून गेल्या. मला त्यांचे पाय दिसत होते. पण मध्ये पिठाचं पिंप होतं आणि ते जड होतं. एकट्या माणसाला पीठ किती लागणार? महिनाभरात ते हलवायची वेळच आली नव्हती. मी तिथूनच त्यांना मनात सांगत होते, बाई, इथे आहे मी. पेट्यांना आवाज नसतो, ही एक मोठी उणीव आहे.

मुंगी आली. पहिला प्रश्न तोच.

"सहाच? आई, सातवी कुठेय?"

"सापडेल."

"सापडेल म्हणजे? तिला खाली सोडायची नाही हां सापडेपर्यंत. तू ही नेहमी अशी..."

"मी अशी नाही, तुझे बाबा तसे. विचार त्यांना."

ते बोलून गेल्यावर बाई ओट्याकडे वळल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

दोन दिवस ते बाळ कडेवर आणि पलंगावर राहिलं. पाय झाडायचं, ओरडायचं, खाली उतरवा म्हणून हात टाकायचं. तिसऱ्या दिवशी मुंगीने त्याला उशांच्या कुंपणात बसवलं आणि मिनिटभरासाठी दूध बघायला ओट्याशी आली. दूध वर येत होतं. तिची पाठ दाराकडे होती.

मला आधी तळव्यांचा आवाज ऐकू आला. थप, थप, थप. मग पिंप आणि भिंत यांच्यातल्या फटीत एक गोल चेहरा आला. ज्या फटीत बाईंची बॅटरी पोचली नव्हती, तिथे ती पोर अंग वाकडं करून सहज शिरली. मला पाहून हसली. तिच्या आईचंच हसू होतं ते. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या पत्र्यावर चमचा वाजवणाऱ्या मुलीचं.

तिने माझ्या झाकणावर चापटी मारली. आवाज आवडला, म्हणून आणखी मारल्या. मग दोन्ही हातांनी कुलूप धरून ओढलं. माझं वय झालंय. बिजागरीला गंज आहे. मी सगळी शक्ती कुलपापाशी आणली. कुलूप हललं, वाजलं, उघडलं नाही. मग तिला भोक दिसलं. तिने हात आत घातला, मनगट गेलं, कोपर गेलं. बोटं आतल्या भिंतीवर चाचपडली. त्या भिंतीच्या पलीकडे, एका बोटाच्या अंतरावर, वड्या होत्या.

भिंतीने तिला पुढे जाऊ दिलं नाही. ती चिडली आणि मोठ्याने रडली.

मुंगी वळली. पिंप आडवं झालं, पीठ सांडलं, तिने मुलीला ओढून काढलं, तोंडात बोट फिरवलं, हात उघडून पाहिले. "आई! आई, पेटी! आई, तिने हात घातला!"

बाई जुडगा घेऊन आल्या. जुडग्यातून किल्ली बरोबर निवडली. हातमोजे चढवून त्यांनी झाकण उघडलं. सळईत चार वड्या होत्या. एका वडीची कड उंदराने कुरतडलेली, बाकी तिन्ही जशाच्या तशा.

"मोज," बाई म्हणाल्या.

"चार."

"पुन्हा मोज."

"चारच आहेत, आई."

साबणाने तिचे हात तरीही तीनदा धुतले. मग त्या दोघी सांडलेल्या पिठातच बसल्या, मध्ये बाळ आणि समोर मी.

"माझ्यामुळे केली होती ना ही?" मुंगीने विचारलं.

"नाहीतर काय. तुझ्या एका घासापायी घरात सात पेट्या झाल्या. माणूस मुलीसाठी दागिने करतो, यांनी पेट्या केल्या."

मुंगी हसली. हसता हसता तिने माझ्या झाकणावरच्या आकड्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिली. या घरात मला कुणी असा हात लावला नव्हता. बनवणाऱ्यानेही नाही. त्यांचे हात नेहमी मोज्यांत असायचे.

माझ्यातल्या वड्या बाईंनी काढल्या, मूळच्या पाकिटात घालून कुलपात ठेवल्या. मला धुतलं, पुसलं आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात बसवलं. माझ्यात दुसरं काही ठेवू नका एवढीच माझी विनंती होती, आणि ती न सांगताच पाळली गेली. मी रिकामी आहे, पण कुलूप लावलेली आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल तर ती कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. लगेच सांगा. आल्यावर सांगतो म्हणू नका.

खालच्या कप्प्यात सिमेंटची पुडी आहे आणि तिच्यावर पाइपाच्या गोलाईला वाकवलेला जाळीचा तो तुकडा. मुंगी म्हणाली, गवंड्याला बोलावू. बाई म्हणाल्या, "नको, मी करते रविवारी. ते कसं करायचे ते पाहिलंय मी." त्या रविवारी त्यांनी जाळी हातात घेतली, वाकवलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि परत ठेवली. भोकापुढे सध्या एक वीट लावली आहे.

त्यानंतर दोन रविवार गेले. भोक बुजवायचं राहिलं आहे.