झऱ्यातलं कुंकू

बागलीजवळच्या टेकडीखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. देवासच्या कारखान्यांतली आपली मराठी मंडळी दोन बस भरून आली होती. जुन्या सरदार घराण्यांतल्या बायका नऊवारी नेसून अगदी झऱ्याच्या कडेला बसल्या होत्या. गणोजीमहाराजांना दृष्टांत झाला होता की आज ऊन वर आलं की देवी झऱ्यातून कुंकू देईल. कुंकू आलं की समजायचं, पवनचक्क्यांचा रस्ता महाराजांच्या मठाच्या दारावरून न्यायला देवीची संमती आहे. मठाला पक्का रस्ता हवा होता. देवीला कशाला हवा असेल?

मी नलिनी, देवासच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. १९८६ साली त्या टेकडीवर पवनचक्क्या उभारायचं ठरत होतं आणि त्यामुळे तिथल्या झाडांचं, पाखरांचं, पाण्याचं काय होईल याचा अहवाल मला लिहायचा होता. पवनचक्क्यांशी माझं भांडण नव्हतं, रस्त्याशी होतं. तो जिथून जाणार होता तिथे खडकाला एक भेग आहे आणि खालच्या वस्तीचा एकमेव झरा त्या भेगेतूनच पाणी घेतो. सुरुंग लागले की झरा गेला.

आणि भांडण गणोजीशी होतं. नऊ वर्षांपूर्वी माझा भाऊ मानाजी साप चावून त्याच्या मठात मेला. दवाखाना चार मैलांवर होता. "दवाखान्यात नेलं तर देवी हात काढून घेईल," असं हा माणूस माझ्या आईला म्हणाला होता. मी सत्यासाठी टेकडी चढले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला सूड हवा होता.

दोन दिवसांपूर्वी मी त्या भेगेत पूड ओतली होती. पाण्याची वाट शोधायचं हे रसायन: वर टाकायचं आणि खाली रंग कुठे दिसतो ते पाहायचं. मिठाने मी आधीच पाहून ठेवलं होतं, भेगेपासून झऱ्यापर्यंत दीड दिवस लागतो. पण रस्त्याचं काम पाहणारे भैयासाहेब म्हणाले होते, "नलिनीताई, खारटपणा कुणाला दिसतो? आँखों से दिखे ऐसा कुछ बताइए."

पूड ओतताना महाराजांचा चेला शेजारी येऊन बसला.

"ये लाल-लाल क्या डाल रहे हो, ताई?"

"रंग. परवा सकाळी झऱ्याला येईल."

ती पूड डब्यात कुंकवासारखीच दिसते. पाण्यात पडल्यावर तिचं काय होतं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तासाभरात महाराजांना दृष्टांत झाला.

आता ऊन झऱ्यावर आलं. पाणी आधी पिवळसर झालं, मग पोपटासारखं हिरवंगार. कडेच्या बायका मागे सरकल्या. महाराजांना मात्र दाद द्यायला हवी, त्यांनी श्वासही न घेता सूर बदलला.

"बायांनो, आई कुंकवाच्याही पुढे गेली. हिरवा चुडा दिया है माँ ने. सौभाग्याचं लेणं. शंका धरेल त्याचा वंश बुडेल." असं म्हणून त्यांनी ओंजळभर तीर्थ स्वतः घेतलं.

"पण महाराज, तुम्ही तर लाल बोलले होते नी," यमुनाबाई म्हणाली. ती वस्तीतली, रोज तीन घागरी त्याच झऱ्यावर भरायची.

मी पुढे झाले. तिच्या घागरीत घरून आणलेलं कालचं नितळ पाणी होतं, ते एका पांढऱ्या वाटीत घेतलं आणि सगळ्यांसमोर डब्यातली लाल चिमूट टाकली. वाटी हिरवी झाली.

"देवी या डब्यात राहते, महाराज. मी तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलं."

"म्हणजे... ये दवाई है?" महाराजांनी विचारलं.

"रसायन आहे."

महाराजांनी गळा धरला. "विष दिलं हो मला. भैयासाहेब, जीप काढा. दवाखाने ले चलो, जल्दी." आणि ते धडपडत जीपमध्ये जाऊन बसलेसुद्धा.

मी जीपच्या दारात उभी राहिले. "दवाखान्यात नेलं तर देवी हात काढून घेईल. तुम्हीच मानाजीच्या आईला सांगितलं होतं."

"कौन मानाजी?" महाराज म्हणाले.

ते रसायन एवढ्याशा पाण्यातून पोटात गेलं तर काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पाच मिनिटं मी ते सांगितलं नाही. त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटत नाही.

मग मी वाटीतलं पाणी पिऊन दाखवलं. महाराजांचा तरीही विश्वास बसला नाही.

"वर भेगेत मी टाकलेली पूड तुमच्या झऱ्याला आली," मी लोकांना म्हणाले. "तिथे सुरुंग लागला तर घागरीत काय येईल, तुम्हीच विचार करा. यांचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका. झरा नितळ झाला की ही पूड दक्षिणेच्या बाजूला टाका आणि रोज पाणी बघा. महिनाभर रंग आला नाही, तर रस्ता तिकडून मागा. आला, तर मी चुकले म्हणा."

यमुनाबाईने माझ्या हातातून डबा घेतला. "चलो भिया, दक्षिणेची जागा दाखवा," ती भैयासाहेबांना म्हणाली. "रोज पाणी मीच बघीन."

बायका उठून तिच्यामागे चढू लागल्या. भैयासाहेबही निघाले. महाराज जीपमध्ये बसून हाका मारत राहिले, पण किल्ली भैयासाहेबांच्या खिशात होती.