फाटकाच्या डाव्या हाताचा बॉक्सवुड

मी फाटकाच्या डाव्या हाताचा बॉक्सवुड बोलतोय, बारीक पानांचं शोभेचं झुडूप. उजव्या हाताला आहे ती माझी बहीण. तुम्ही आधी तिच्याकडेच बघितलंत ना? असू दे, सगळेच बघतात. मीही बघतो.

फाटकाजवळ उभं राहायचं म्हणजे कान झाकून चालत नाही. कुणाकडे पाहुणे आले, कोण कुणाशी अबोला धरून आहे, सगळं मला न विचारता कळतं. पण आज दुसऱ्यांच्या चौकश्या नकोत. आज माझंच सांगतो.

माझा जन्म कात्रीने झाला. नर्सरीत कामाला असलेल्या मावशींनी एका जुन्या झुडपाची वीतभर काडी कापली, खालची पानं खुडली आणि ओल्या वाळूत खोचली. बी नाही, काही नाही. नुसत्या कापलेल्या काडीला मुळं फुटतात हे मला अजून खरं वाटत नाही, आणि ती काडी तर मीच होतो! शेजारी खोचलेली दुसरी काडी म्हणजे बहीण.

आमची जात भारी संथ. वर्षाला चार बोटं वाढलो म्हणजे डोक्यावरून पाणी. मावशींनी चार वर्षं आम्हाला कुंड्यांत सांभाळलं. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. मालकांनी विचारलं, "मावशी, आठवण म्हणून काय देऊ?" त्या म्हणाल्या, "माझ्या या दोन कुंड्या द्या." तेवढंच घेऊन त्या घरी आल्या.

मावशींचे यजमान गवंडी. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. अर्ध्या गल्लीच्या भिंती त्यांनी उभ्या केल्यात आणि एकीलाही तडा नाही. येता-जाता बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करतात, जसं वडिलांनी पोराच्या पाठीवर थाप मारावी.

बहिणीला मावशींनी लावलं. खड्डा रुंद पण उथळ, आणि मुळांचा गोळा जमिनीच्या दोन बोटं वर. तेवढ्याने त्यांचे गुडघे दमले, म्हणून मला लावायला मिस्त्री आले.

"अहो, इतकं खोल नको. त्याची मान मातीच्या वर राहू द्या."

"अगं, पाया खोल नसेल तर काय उभं राहतं? तू तुझं लावलंस, मी माझं लावतो. बघू कुणाचं टिकतं."

आणि मला मानेच्याही वरपर्यंत पुरलं. वरून धुमसाने माती ठोकून अशी बसवली की तिच्यावर गोट्या खेळाव्यात. खरं सांगू? मला तेव्हा अभिमानच वाटला. असा पाया कुठल्या झुडपाच्या नशिबी असतो?

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी माझी टोकं तांबूस झाली. तिसऱ्या वर्षी पानं गळायला लागली आणि तिकडे बहीण गोल गरगरीत. मिस्त्रींकडे कारणांची कमी नव्हती. "तिकडे ऊन जास्त आहे." "इकडे कुत्री पाय वर करतात." मला जोर यावा म्हणून ते सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतायचे. आम्हाला तर ओले पाय सोसत नाहीत! एक दिवस ते म्हणाले, "नर्सरीतूनच कमजोर आलं असेल."

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. "काडीपासून वाढवलंय मी त्याला. कमजोर नव्हतं ते. तुम्ही पुरलंय, आता तुम्हीच निस्तरा. मी हात लावणार नाही."

शब्दाच्या पक्क्या. बहिणीला पाणी घालताना नजर माझ्यावर असायची, पण पाय इकडे वळत नसत. दोघांचा हट्ट आणि मधे माझा जीव.

समोर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांच्या जिभेला सुईसारखंच टोक. एकदा फाटकाशी थांबून म्हणाल्या, "मिस्त्री, जोडा छान आहे हो! नवरी गुटगुटीत. नवरदेवाला मात्र सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं!" मावशी खळखळून हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. त्या दिवशी घरातून नुसता ताटांचा आवाज आला.

पाचव्या वर्षी थंडी सरता-सरता पानं गळून मी अर्धा उघडा पडलो. एका सकाळी मिस्त्री पहार घेऊन आले.

"आज हे उपटतो. इथे खांब बांधतो. खांब तरी सांगितल्यासारखा उभा राहतो."

मावशी दारात कपडे पिळत होत्या. एकच टॉवेल त्यांनी तीनदा पिळला.

चार घाव बसले. पाचवा बसला नाही; सुटलेल्या ढेकळाखाली त्यांना काहीतरी दिसलं होतं. मिस्त्रींनी पहार बाजूला टाकली, खाली बसले, थापीने आणि मग बोटांनी माती उकरायला लागले. गाडलेलं खोड काळं पडलं होतं. खालची मुळं भिजून कुजलेल्या सुतळीसारखी. पण वर, अगदी मातीच्या कातडीखाली, केसासारखी पांढरी मुळं होती. हवेसाठी धडपडत मीच ती वर सोडली होती, आणि मलाच त्यांचा पत्ता नव्हता!

मिस्त्रींनी एक वीट माझ्या खोडाला लावून बघितली. विटेच्या अख्ख्या रुंदीएवढं खोड मातीत गाडलेलं होतं. ते त्या विटेकडे किती वेळ बघत राहिले.

"अगं, इकडे ये जरा."

"खांबाला माझी काय गरज?"

"खांब नाही. हे किती वर ठेवायचं?"

इंजिनीअरला सुद्धा ठणकावून सांगणारा हा माणूस. किती खोल, किती उंच, हे त्यांनी कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझी उरलेली पानं स्तब्ध झाली. मावशी भिंतीला धरून-धरून आल्या आणि गुडघ्यांची पर्वा न करता मातीत बसल्या.

"काळी मुळं कापा. पांढऱ्यांना धक्का नको. खालून माती भरा आणि दोन बोटं वर ठेवा."

मिस्त्रींनी खड्ड्यावर चक्क भिंतीची पातळी बघायची पाणसळ आडवी ठेवली. "दोन बोटं तुझी की माझी?"

"माझी. तुमच्या बोटांनीच घात केलाय."

माती भरून झाली. मिस्त्रींनी दाबायला पाय उचलला.

"पाय!"

पाय हवेतच थांबला. "सवय गं."

"माहीत आहे. चाळीस वर्षं बघतेय."

"जगेल?"

मावशी खोटं बोलल्या नाहीत. "वर्षभर तरी कळायचं नाही."

आठ दिवसांत भिंत उभी करणारा माणूस वर्षभर थांबला. रोज मातीत बोट घालायचे आणि घरात हाक द्यायचे, "पाणी द्यायचं का?" आतून यायचं, "बोटाला ओल लागतेय ना? मग नाही."

याला तीन वर्षं झाली. मी अजून बहिणीच्या निम्मा आहे, एका बाजूने टकला. आता मावशींच्या बोटांना कात्री धरवत नाही. त्या खुर्चीत बसून सांगतात आणि मिस्त्री करतात. "वरवर गोल कापत सुटू नका. दिसतं छान, पण आत काळोख होतो. हात आत घाला, एखादा दाट झुबका काढा."

परवा त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. सिमेंटने राकट झालेला हात, पण एक नवं पान दुखावलं नाही. एक झुबका निघाला आणि ऊन आत आलं. जन्मभर उन्हात उभा राहिलो, पण माझ्या आत ऊन पडलेलं मी पहिल्यांदा बघितलं! टकल्या बाजूच्या खोडावर, सगळ्यांनी मेलं म्हणून सोडलेल्या लाकडावर, टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका होता. मिस्त्रींनी मावशींची खुर्ची ओढून जवळ आणली, त्यांचं बोट धरलं आणि अलगद त्या ठिपक्यावर टेकवलं.

"किती दिवसांचं असेल गं?"

"तुम्हीच सांगा," मावशी म्हणाल्या. "रोज तुम्हीच तर बघता."

तर मंडळी, माझ्यावरच्या मायेपोटी कुणाला तांब्याभर पाणी घालावंसं वाटलं, तर आधी त्या दोघांना विचारा. ते थोडं भांडतील. तेवढं थांबा. मला फार आवडतं ऐकायला.